टेंबेकाकांचा बघण्याचा परवाना

परवा टीव्हीने मला विचारलं, “तुम्ही याच घरात राहता का?”

म्हणजे बोलून नाही, लिहून विचारलं. पडद्याच्या मधोमध, ठळक अक्षरांत. शहात्तराव्या वर्षी बाईला हा प्रश्न जावयाने विचारला तर ती समजून घेईल. भिंतीवरच्या काळ्या पाटीने विचारावा म्हणजे जरा जास्तच झालं. शेजारी नात बसली होती, तनया. फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “आज्जी, इट्स जस्ट व्हेरिफाइंग. प्रेस येस.”

मी येस दाबलं नाही. मला हसू येत होतं. कारण हाच प्रश्न, इतक्याच कोरडेपणाने विचारणारा एक जिवंत माणूस या नेपरव्हिलमध्ये, लेकीच्या या परदेशातल्या गावात, होता. टेंबेकाका. आमच्यापासून तिसरं, कोपऱ्यावरचं करडं घर त्यांच्या मुलाचं.

काका म्हणायचं ते सवयीने. माझ्याहून सहाच वर्षांनी मोठे. पण इथे मुलांचे मित्र ज्यांना काका म्हणतात त्यांना आपणही काका म्हणायला लागतो. आमचे हे होते तेव्हा एकदा भरल्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या पंगतीत, मी त्यांनाही काका म्हणून हाक मारली होती, आणि त्यांनी ओ दिली होती.

टेंबेकाकांची पहिली भेटही पॉटलकचीच. दिवाळीचा. बेसमेंटमध्ये तीसेक माणसं, हातात कागदी ताटल्या, आणि मी माझी हुकमी गोष्ट सांगत होते. ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आले होते आणि दर वेळी हशा घेत आले होते. गोष्ट अशी.

साताऱ्याला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. मी बावीस वर्षांची, लग्नाला सहा महिने झालेले, आणि माझ्याइतकी हुशार बाई पेठेत दुसरी नाही अशी माझी पक्की खात्री. ह्यांनी नवा ट्रान्झिस्टर आणला. त्या काळी रेडिओला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन छोटं पुस्तक काढायचं, दर वर्षी त्यात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. हे म्हणाले, उद्या काढून आणतो. मी म्हटलं, “कशाला? घरात येऊन कोण बघतंय?” आणि एका दुपारी रेडिओ इन्स्पेक्टर दारात उभा. मी ट्रान्झिस्टर उचलला, तांदळाच्या पिंपात खुपसला, झाकण लावलं, त्यांना या बसा म्हटलं, चहा केला आणि पदर सावरून पिंपावर बसले. राणीसारखी. फक्त घाईत मी रेडिओ बंद करायच्या ऐवजी नुसता आवाज बारीक केला होता. बातम्या संपल्या, आणि माझ्या बुडाखालून गाणं सुरू झालं.

मी म्हटलं, “शेजाऱ्यांचा आहे.”

इन्स्पेक्टरने गाणं संपेपर्यंत चहा पुरवला. मग वहीत काहीतरी लिहिलं, “शेजाऱ्यांचा रेडिओ चांगला आहे,” म्हणाला, आणि गेला. मी आपली पन्नास वर्षं सांगतेय, इन्स्पेक्टरला कसं बनवलं!

बेसमेंट हसलं. एक माणूस हसला नाही. कोपऱ्यात, खुर्चीच्या कडेवर, लोकरीच्या टोपीतला उंच म्हातारा. कानावर पेन्सिलीचं थोटूक. त्याने विचारलं, “मग नंतर परवाना काढलात का?”

“नाही बुवा,” मी म्हटलं. “गरजच नाही पडली.”

“त्याने शेरा काय मारला?”

“मला काय माहीत?”

“ ‘आढळला नाही’ असाच मारला असणार. खोटा शेरा.” म्हाताऱ्याने ताटली खाली ठेवली. “मी असतो तर पिंपाचं झाकण उघडलं असतं.”

“मी उठलेच नसते.”

“मी थांबलो असतो.”

“किती वेळ?”

“मला पाच वाजेपर्यंत ड्यूटी असायची.”

माझी मुलगी मीनल माझ्या कानाशी लागली, “आई, ते टेंबेकाका. ते जळगावला रेडिओ इन्स्पेक्टरच होते.”

बावीस वर्षांच्या कुमुदने तेव्हा काय केलं असतं कोण जाणे. बहात्तर वर्षांच्या कुमुदने त्यांना आणखी एक करंजी वाढली. त्यांनी घेण्याआधी विचारलं, “ही तुमच्या घरची की कोणाच्या नावावर?”

तर असे ते. आधी पोस्टात परवान्यांच्या खिडकीवर, मग अठरा वर्षं सायकलवरून तपासणी. चालताना नजर कायम छपरांवर. कुठल्या घरावर एरियलची जाळी आहे, कुठली तार खिडकीतून आत गेली आहे, हे बघत जन्म गेलेला. मुलाने विमानतळावरून पहिल्यांदा नेपरव्हिलला आणलं तेव्हा म्हणे घरासमोर उतरले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची छपरं शेवटपर्यंत न्याहाळली आणि मुलाला म्हणाले, “एकाही घरावर अँटेना नाही. मग आतून हा उजेड कसला येतोय?”

मुलाने केबल सांगितली, वायफाय सांगितलं, स्ट्रीमिंग सांगितलं. आणि या देशात टीव्हीला परवाना लागत नाही, कधीच लागत नव्हता, हेही सांगितलं. ते काकांना जेवण झाल्यावरही पटेना. पॉटलकमध्ये ओळख झाल्यावर एका सकाळी बर्फातून माझ्याकडे आले ते हेच सांगायला. बूट दारात काढले, टोपी काढली नाही.

“कुमुदताई, सगळं गाव बिनपरवाना आहे.”

“मग आता काय करणार? जप्ती?”

“हसू नका. फुकट कोण दाखवतं? आणि जो दाखवतो तो कोणाचं ऐकून दाखवतो?”

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. परवाना डब्याला नसतो, ऐकण्याला असतो. बघण्याचं तेच. डबा काय, आज पत्र्याचा, उद्या काचेचा, परवा खिशातला. त्यांच्या मते माणूस दुसऱ्याने केलेलं काही घरबसल्या बघतो, तेव्हा त्याच्या नावावर कुठेतरी एक पुस्तक असायला हवं. बस.

या देशात पुस्तक देणारं कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी शोध घेतला, आणि त्यांना इथलं सार्वजनिक टीव्ही केंद्र सापडलं. जाहिराती न घेणारं, लोकांच्या पैशावर चालणारं. काकांनी चेक लिहिला, सोबत स्वच्छ अक्षरात पत्र: एका संचाचा वार्षिक परवाना, कृपया पुस्तक पाठवावे. महिन्याभराने उत्तर आलं. आत एक कापडी पिशवी, आणि आभाराचं पत्र. पत्रात काकांच्या रकमेला देणगी म्हटलेलं.

एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. “देणगी? मी काय देवळात आलो होतो? मी परवाना काढलाय! आणि पुस्तक मागितलं तर पिशवी पाठवतात!”

पण पिशवी वापरली हं. दर वर्षी चेक गेला, दर वर्षी काहीतरी आलं. एकदा कॉफीचा मग, एकदा छत्री. पण पहिली पिशवी तेवढी खांद्यावर कायम. लायब्ररीत जाताना, थंडीत मॉलमध्ये फेऱ्या मारताना, डॉक्टरकडेही. कोणी विचारलं की पिशवी पुढे धरायचे. “माझा आहे.” काय आहे ते समोरच्याला कधी कळायचं नाही.

त्यांची थोरली, वंदना, इंग्लंडात लेस्टरला. तिथे टीव्हीचा परवाना अजून आहे, याचा काकांना असा अभिमान की जणू त्यांनीच तो तिथे सांभाळायला दिलाय. दर रविवारी फोन. तब्येतीच्या आधी प्रश्न, “भरलास का?” एका रविवारी वंदना म्हणाली, “बाबा, आम्ही कार्यक्रम टीव्हीवर लागतो तेव्हा बघतच नाही. सगळं पैसे भरून घेतलेल्या ॲपवर, आपल्याला वेळ असेल तेव्हा. त्याला लायसन्स लागत नाही. आता इथे वाद चाललाय, त्यालाही लावावं का म्हणून.”

झालं. बुधवारी काका तो वाद घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये.

“लावलाच पाहिजे,” त्यांनी निकाल दिला. “नळाला पाणी आलं तेव्हा प्यालात काय, किंवा हंडा भरून ठेवला आणि संध्याकाळी प्यालात काय. पाणी नगरपालिकेचंच ना?”

मला वाद घालायला फार आवडतं. मुद्दा असो नसो. इथे नशिबाने होता. मी म्हटलं, “अहो, पण हे नळाचं पाणीच नाही. हे बाटलीवाल्याचं आहे. मी त्याला बाटलीचे पैसे मोजले. आता नगरपालिकेने येऊन माझ्या बाटलीवर पट्टी का लावायची? तिने दिलं काय मला?”

काकांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. टोपी घालून निघून गेले. मी आपली खूश. बावीस वर्षांची कुमुद पिंपावर बसलेली असायची तशी.

पुढच्या बुधवारी दार उघडलं तर काका उभे, खांद्यावर बर्फ. नमस्कार नाही, काही नाही.

“बाटलीवाला पाणी कोणाला देतो? ज्याला परवडतं त्याला. आणि जे खपतं तेवढंच भरतो. उद्या सगळ्यांनी बाटल्याच घेतल्या आणि नळाकडे कोणी बघेना झालं, तर नळ बंद पडेल. मग ज्याला बाटली परवडत नाही त्याने काय करायचं? परवाना पाण्याचा नाही, कुमुदताई. नळ चालू ठेवण्याचा आहे. बाटलीतून पिणाऱ्यानेही द्यायचा.”

“सात दिवस विचार केलात?”

“सहा. एक दिवस डॉक्टरकडे होतो.”

मी म्हटलं, “बघू, विचार करते,” आणि अजून करतेय.

आता बुधवार म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्हा म्हाताऱ्या मंडळींचा तो दिवस. सगळे कोणाचे तरी आई नाहीतर वडील, सगळे मुलांच्या घरांत, सगळ्यांच्या दाराबाहेर पाच महिने बर्फ. गाडी कोणाला येत नाही. बुधवारी मीनल घरून काम करते, ती एकेकाला गाडीतून उचलून आणायची. चहा, चिवडा, आणि बेसमेंटमधल्या टीव्हीवर मराठी मालिका. मालिका फार संथ. नायिका जिना उतरायला लागली की तीन बुधवार जायचे.

आणि ही मालिका आम्ही बघायचो माझ्या भाच्याच्या खात्यावर. केदार पुण्यात. त्याने कधीतरी प्रेमाने पासवर्ड दिला, आत्याने तो बेसमेंटला दिला, बेसमेंटने आपापल्या घरी नेला. पुण्याच्या एका फ्लॅटमधून नेपरव्हिलची सहा घरं बघत होती. मुलांना सांगितलं असतं तर दोन मिनिटांत त्यांनी स्वतःच्या कार्डावर सगळं करून दिलं असतं. पण मागायचं कुणी? औषधं त्यांची, गाडी त्यांची, विमानाचं तिकीट त्यांचं. आता मालिकाही त्यांनीच घ्यायची? आमच्यापैकी कोणाच्याही स्वतःच्या नावावर या देशात एक कार्ड नव्हतं. ही आमची सगळ्यांची न बोलता ठरलेली गोष्ट. मागायचं नाही, चोरून घेतलं तर चालेल.

काकांना चालत नव्हतं. पहिल्याच बुधवारी त्यांनी टीव्हीकडे बोट करून विचारलं, “खातं कोणाच्या नावावर?”

“केदारच्या.”

“तो याच घरात राहतो का?”

मी म्हटलं, “मनाने राहतो.”

काका उठले आणि जिना चढून वर जाऊन बसले. सिंधूकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी उठ म्हटलं नाही. ते कधीच म्हणायचे नाहीत. स्वतः मात्र जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, पाठ आमच्याकडे, आणि कानांवर बर्फातले कानपट्टे. घरात! कारण ऐकण्याला परवाना लागतो, आणि खालचा आवाज वर यायचा.

दोन हिवाळे त्यांनी असे काढले. एकदा खाली आमचा वाद पेटला, तो मुलगा नायिकेचा कोण. कोणाला आठवेना. तेवढ्यात वरून आवाज आला, “सावत्र दीर. मागच्या दिवाळीत कळलं ना.”

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. काकांची पाठ तशीच. कानपट्टे तसेच. फक्त मानेचा मागचा भाग लाल झालेला.

सिंधूकाकू हसून हसून खोकायला लागल्या. सिंधूकाकू म्हणजे लहानखुरी, गोरी, कमी बोलणारी बाई. इंग्रजी एक शब्द नाही. सून चांगली, पण सकाळी सातला गाडी काढणारी. त्यांचं सगळं बोलणं बुधवारसाठी साठलेलं असायचं. त्या दिवशी त्या खोकला थांबल्यावर म्हणाल्या, “हे असेच हो. तुम्हाला मास्तरांची गोष्ट सांगते.”

वरून काका म्हणाले, “सिंधू, नको.”

“तुम्हाला ऐकू येत नाही ना? मग बसा.”

मग त्यांनी सांगितलं. जळगावला दृष्टी गेलेले एक म्हातारे मास्तर होते. एकटे. त्यांच्याकडे बिनपरवान्याचा रेडिओ. सगळी गल्ली म्हणाली, साहेब, सोडून द्या, ‘आढळला नाही’ लिहा. काकांनी रेडिओ जप्त केला, खरा शेरा मारला. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. आणि त्याच संध्याकाळी काकांनी स्वतःच्या खिशातून मास्तरांच्या नावाचं पुस्तक काढलं, आणि सकाळी सायकलच्या कॅरियरला बांधून रेडिओ परत नेऊन दिला.

“अठरा वर्षांत एक खोटा शेरा नाही,” सिंधूकाकू म्हणाल्या. “आणि आमच्या घरात अठरा वर्षांत एक रेडिओ नाही.”

“म्हणजे?”

“लोक म्हणतील जप्तीतला आहे. मी म्हटलं, घ्या की परवाना काढून. तेव्हा पगारात बसेना. बसायला लागला तोवर सरकारने परवानाच रद्द केला. मग हे म्हणतात, आता घेण्यात काय अर्थ?” आम्ही हसलो, त्याही हसल्या. “शेजारच्या देशपांड्यांचा रेडिओ मी भिंतीतून ऐकायचे. पोळ्या लाटताना कान भिंतीला. म्हणून माझी पोळी अजून एका बाजूने जाड होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्याच रेडिओवर ऐकलं बघा मी.”

त्या गमतीने बोलल्या. मी सहज वर पाहिलं. काकांनी एका कानावरचा पट्टा हाताने सरकवून धरला होता. तो त्यांनी बराच वेळ परत लावला नाही.

त्या हिवाळ्यात टेंबेंच्या मुलाला फ्रीमाँटला नोकरी लागली. मार्चमध्ये जायचं ठरलं. तिकडे बर्फ नाही, ऊन असतं, मराठी माणसं पुष्कळ. सगळे म्हणाले, छान झालं. सिंधूकाकू म्हणाल्या, “मालिका तरी संपेल ना तोपर्यंत?” कारण मालिकेचे शेवटचे भाग आले होते. हिशेब बरोबर बसत होता. शेवटच्या बुधवारी शेवटचा भाग, आणि शनिवारी विमान. त्यांना तो शेवट आमच्याबरोबर बघायचा होता. तिकडे एकटीने बघण्यात काय मजा, म्हणाल्या. नायिकेला शिव्या घालायला माणसं लागतात.

आणि शेवटच्याच्या आदल्या बुधवारी पडद्यावर आलं: हा टीव्ही या खात्याच्या घरातला दिसत नाही. खातेदाराच्या फोनवर आलेला क्रमांक टाका.

खातेदार पुण्यात गाढ झोपेत. आम्ही सहा जण त्या पडद्यासमोर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी केदारचा निरोप, “आत्या सॉरी यार, कंपनीने कडक केलंय. आता बाहेर नाही चालणार.” यार म्हणे. आत्याला.

मी काकांना फोन लावला. त्यांनी “मी सांगितलं होतं” म्हणावं अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, “बरं,” आणि फोन ठेवला.

पुढचं मला मीनलने सांगितलं, कारण तिनेच त्यांना बँकेत पाहिलं. काकांचं खातं होतं, चेकबुक होतं, पण कार्ड कधी घेतलं नव्हतं. ॲपला चेक चालत नाही. तर काका बर्फातून पायी बँकेत गेले, खांद्याला ती पिशवी, आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, “आय वॉन्ट कार्ड. फॉर लायसन्स.”

“ड्रायव्हिंग लायसन्स, सर?”

“नो, नो. सीइंग लायसन्स.”

मुलगी घाबरली. डोळ्यांचं काही असेल म्हणून तिने त्यांना खुर्ची दिली. मीनल पुढे झाली. काका तिला म्हणाले, “तू मधे पडू नकोस. माझं मला काढू दे. माझ्या मुलालाही सांगू नकोस.” कार्ड मिळेपर्यंत ते तासभर बसले.

बुधवारी कुमुदताईंकडे जमायचं नाही, आमच्याकडे या, असा त्यांचा निरोप. मी म्हटलं, “अहो, तुमच्याकडे सामान बांधलेलं. इथेच या आणि इथे लावा की.”

“खातं आमच्या घरचं आहे,” काका म्हणाले. “तुम्ही याच घरात राहता असं मी कसं म्हणू?”

गेलो. घरभर खोके. सोफा आधीच ट्रकने गेलेला. आम्ही खोक्यांवर बसलो. मी ज्यावर बसले त्यावर ‘किचन, नाजूक’ लिहिलेलं, आणि मी बसताच आत काहीतरी कुरकुरलं, ते मी कोणाला सांगितलं नाही. दाराशी काका उभे. प्रत्येकाला विचारत होते, “पाहुणे ना? मग चालेल. पूर्वी एका रेडिओवर अख्खी गल्ली ऐकायची. परवाना एकच लागायचा. एक खोली, एक डबा, बघायला शंभर माणसं येऊ देत.” त्यांनी हा मुद्दा कुठल्यातरी नियमात बसवून ठेवला होता, हे उघड होतं.

मग टीव्ही लावला. पडद्यावर आलं, कोण बघतंय? खाली एकच गोल, आणि गोलाखाली एकच नाव. ‘सिंधू टेंबे.’

सिंधूकाकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण हे देवनागरीत होतं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

“अहो, तुमचं नाव कुठंय?”

“मी पाहुणा,” काका म्हणाले.

“पासवर्ड काय ठेवलाय?”

“तो सांगायचा नसतो. तुझा तुला कागदावर लिहून दिलाय.”

मग सिंधूकाकूंनी आपल्या नावावर, एकच बोट लावून, बटण दाबलं. काका पहिल्यांदा आमच्यात बसले. कानपट्टे न लावता. बायकोच्या शेजारच्या खोक्यावर.

शेवट भयंकर होता. सगळं स्वप्न होतं म्हणे. नायिका जिन्यावरच झोपली होती. आम्ही तिला, लेखकाला, तिच्या सावत्र दिराला मनसोक्त शिव्या घातल्या. सगळ्यात जास्त काकांनी घातल्या. दोन हिवाळ्यांच्या साठवलेल्या होत्या त्यांच्याकडे.

शनिवारी सकाळी निघताना टेंबे कुटुंब आमच्याकडे चहाला थांबलं. गाडी दारात, इंजिन चालू. मी काकांना म्हटलं, “जाताना तरी कबूल करा. साताऱ्याला तुम्ही असता तर तुम्हीही झाकण उघडलं नसतं.”

“उघडलं असतं.”

“गाणं चालू असताना?”

“गाणं संपल्यावर.”

मग त्यांनी पाणी मागितलं. मी उठायला लागले तर म्हणाले, “बसा, मी घेतो,” आणि आत गेले. बराच वेळ आतच. पिशवी खांद्यावरून काढून परत घातल्यासारखा आवाज आला. बाहेर आले तेव्हा पाणी प्यायल्यासारखे दिसत नव्हते. गाडीत पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली. मुलगा म्हणाला, “बाबा, थंडी आत येतेय.” काकांनी हात बाहेर काढून हलवला. त्यांच्या काळ्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत पांढुरकी झाली होती. मला वाटलं, बर्फ असेल. गाडी वळली, आणि ते शेजारच्या छपराकडे बघत होते, सवयीने.

आठवड्याने मी भाताला तांदूळ काढायला गेले. इथे आमच्याकडे पिंप नाही, झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आहे. हात घातला तर बोटांना काहीतरी टणक लागलं. घरी केलेलं, पुठ्ठ्याच्या पानांचं, दोऱ्याने शिवलेलं एक छोटं पुस्तक. तांदळाच्या पिठाने भरलेलं. वर स्वच्छ अक्षरात माझं नाव. संच: ट्रान्झिस्टर एक. आत पोस्टाचं एक तिकीट चिकटवलेलं, त्यावर पेन्सिलीने गोल शिक्का काढलेला.

फोनवर दर रविवारी आमचं बोलणं होतं. सिंधूकाकू नव्या मालिकेबद्दल सांगतात, स्वतःच्या खात्यावरच्या. काका मागून बोलत असतात. त्या पुस्तकाबद्दल त्यांनी विचारलेलं नाही, मीही बोलले नाही.

शेवटच्या पानावर शेऱ्याची जागा आखलेली आहे. तिथे लिहिलंय: ‘तपासणी केली. चहा घेतला. डब्याचं झाकण उघडलं नाही.’ आणि खाली सही, टेंबे.